विहिरीच्या काठावरची पन्नास वर्षे : भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची वाटचाल

महाराष्ट्राच्या सुमारे 82 टक्के भूभागाखाली काळा पाषाण आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले आणि दख्खनचे पठार घडले. या बेसाल्टच्या अखंड कातळात पाणी मुरत नाही. ते राहते वरच्या मुरमात, मांजऱ्या खडकाच्या छिद्रांत, भेगांत आणि दोन थरांमधल्या सांध्यांत. म्हणून एका शेतातली विहीर उन्हाळाभर पाणी पुरवते, तर बांधापलीकडची विहीर संक्रांतीलाच तळ दाखवते. गावोगाव हा अनुभव आहे आणि पिढ्यान् पिढ्या त्याची कारणे नशिबात शोधली गेली.

या अदृश्य पाण्याचा शास्त्रीय शोध घेणे, त्याचे माप ठेवणे आणि ते आधी पिण्यासाठी राखणे हे काम भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने पन्नास वर्षे केले. 'जीएसडीए' या आद्याक्षरांनी जिल्हा परिषदांपासून मंत्रालयापर्यंत ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेची धरणे नाहीत, कालवे नाहीत, उद्घाटनाच्या कोनशिलाही फारशा नाहीत. तिची खरी मिळकत आहे ती विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदींची. वर्षातून चार वेळा, त्याच विहिरीवर, त्याच खुणेपासून घेतलेल्या या नोंदींवर आज राज्यातील टंचाई आराखडे, पाणीपुरवठा योजना आणि भूजलाचे कायदे उभे आहेत.

पूर्वपीठिका : 1971 पूर्वी

साठच्या दशकापर्यंत ग्रामीण महाराष्ट्राचे पिण्याचे पाणी म्हणजे गावविहीर, आड, बारव, नाहीतर नदीतला झरा. शेतातली विहीर खणायची ती पाणाड्याच्या सांगण्यावरून. नारळ, उंबराची काटकी, झाडांचा कल, वारुळांची जागा असे त्याचे ठोकताळे असत. त्यांतले काही निरीक्षणातून आलेले होते, पण विहीर कोरडी निघाली तर कर्ज शेतकऱ्याच्या डोक्यावर राहत असे.

याच काळात दोन बदल झाले. वीज आणि डिझेल इंजिने खेड्यांत पोहोचली आणि मोटेची जागा पंपाने घेतली. बैलांच्या मोटेला उपशाची मर्यादा होती. पाच अश्वशक्तीच्या पंपाने एका विहिरीचे पाणी काही तासांत उपसता येऊ लागले. दुसरा बदल खोदाईचा. संकुचित हवेवर चालणारी, कठीण खडक भेदणारी वेधनयंत्रे साठच्या दशकाच्या उत्तरार्धात भारतात आली. युनिसेफ आणि स्वयंसेवी संस्थांनी दुष्काळी भागांत त्यांचा उपयोग सुरू केला. जो कातळ सुरुंगाने फोडायला महिने लागत, त्यातून काही तासांत विंधण विहीर खाली जाऊ लागली.

उपसा वाढला, खोदाई सोपी झाली, पण जमिनीखाली पाणी किती आहे हे सांगणारी राज्याची स्वतःची यंत्रणा नव्हती. देशपातळीवर 1970 मध्ये केंद्रीय भूजल मंडळाची स्थापना झाली आणि 1972 मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची भूजल शाखा त्यात विलीन झाली. विहिरींसाठी मोठ्या प्रमाणावर कर्जे द्यायची, तर त्या त्या भागातल्या भूजलाचा अंदाज हवा, ही गरज महाराष्ट्रातही तीव्र झाली होती.

1971 ते 1980 : दुष्काळातला जन्म

1971-72 या काळात राज्य शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने ही यंत्रणा उभी केली. मुख्यमंत्रिपदी वसंतराव नाईक होते. यंत्रणेची घडी बसते न बसते तोच 1972 चा दुष्काळ पुढे ठाकला. पावसाने सलग दगा दिला होता. मे 1973 मध्ये जवळपास 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव, नालाबांध या कामांवर सुकडी खाऊन दिवस काढल्याची आठवण आजही जुनी माणसे सांगतात. वि. स. पागे यांच्या विचारातून पुढे आलेली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर विस्तारली.

या धामधुमीत नव्या यंत्रणेच्या भूवैज्ञानिकांना काम शिकायला वेगळा वेळ मिळाला नाही. पाहणी आणि मदतकार्य एकाच वेळी चालले. टोपोशीट, होकायंत्र, हातोडी आणि विद्युत रोधकता मोजणारे उपकरण एवढ्या सामग्रीवर तरुण भूवैज्ञानिक जिल्ह्याजिल्ह्यांत उतरले. जमिनीत चार खुंट्या रोवायच्या, वीजप्रवाह सोडायचा आणि प्रवाहाला होणाऱ्या विरोधावरून खाली झिजलेला खडक आहे की अखंड कातळ, याचा अंदाज बांधायचा. ही पद्धत गावकऱ्यांना प्रथम नवलाची वाटली; पाणी लागलेल्या विंधण विहिरी वाढत गेल्या तशी ती विश्वासाची झाली.

याच दशकात यंत्रणेने दीर्घ पल्ल्याचा एक निर्णय घेतला. भूजलाचे माप तालुका-जिल्ह्याच्या सीमांनी घेता येत नाही, कारण पाणी त्या सीमा पाळत नाही. म्हणून राज्याची विभागणी पाणलोट क्षेत्रांत झाली. आज ती दीड हजारांहून अधिक आहेत. प्रत्येक पाणलोटाला नदीखोऱ्यावरून संकेत मिळाला : 'बीएम' म्हणजे भीमा, 'जीव्ही' म्हणजे गोदावरी, 'केआर' म्हणजे कृष्णा. पाणलोटाच्या आत पुन्हा तीन पट्टे मानले गेले. डोंगरउताराचा अपधाव पट्टा, मधला पुनर्भरण पट्टा आणि नदीकाठचा साठवण पट्टा. या पट्ट्यांतून निरीक्षण विहिरी निवडल्या गेल्या. पुढे ही संख्या 3920 वर स्थिरावली.

निरीक्षण विहिरीवरचे काम बघायला साधे, करायला काटेकोर. विहिरीच्या काठावर रंगाने एक खूण केलेली असते. माप नेहमी तिथूनच. पोलादी टेपच्या टोकाकडच्या भागाला खडू लावायचा, टेप पाण्यात बुडेल इतकी सोडायची, खुणेवरचा आकडा वाचायचा, टेप वर ओढून खडू कुठपर्यंत ओला झाला ते पाहायचे आणि वजाबाकी करायची. खुणेपासून पाणी 9.40 मीटरवर असेल आणि काठ जमिनीपासून 0.80 मीटर उंच असेल, तर नोंद होते 8.60 मीटर. पंप चालू असेल किंवा नुकताच बंद झाला असेल तर ते माप खरे नाही. पातळी पुन्हा स्थिर होईपर्यंत थांबायचे. मालकाला विचारायचे : यंदा विहीर खोल केली का? आडवे बोअर मारले का? शेजारी नवी विहीर झाली का? ही उत्तरेही नोंदीत जातात. सप्टेंबर-ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे असे हे वेळापत्रक. पावसाळ्यानंतर विहीर किती भरली आणि उन्हाळ्यात किती उतरली, हे त्यातून कळते.

या काळात विहीर-कर्जांसाठी भूवैज्ञानिक पाहणी, दोन विहिरींतील अंतराचे निकष आणि पाणलोटनिहाय भूजल मूल्यमापन हीही कामे सुरू झाली. 1979 मध्ये देशपातळीवर भूजलाच्या अतिउपशाविषयी समिती नेमली गेली, तेव्हा महाराष्ट्राच्या हाती काही वर्षांच्या स्वतःच्या नोंदी होत्या.

1981 ते 1990 : हातपंपाचे दशक

संयुक्त राष्ट्रसंघाने 1981 ते 1990 हे आंतरराष्ट्रीय पेयजल व स्वच्छता दशक जाहीर केले. या दशकात गावोगावी यंत्रणेची ओळख झाली ती विंधण विहीर आणि हातपंप यांमुळे. दर 250 माणसांमागे एक सार्वजनिक उद्भव, म्हणजे पाण्याचा स्रोत, आणि माणशी रोज 40 लिटर पाणी हा निकष पुढे आला. वेधनयंत्राची अवजड गाडी, तिच्यामागे कॉम्प्रेसर आणि सोबत गावातली सारी पोरे, हे चित्र त्या वर्षांत राज्यभर दिसले.

ज्या पंपाने हे शक्य केले त्याची मुळे महाराष्ट्रात आहेत, हे अभिमानाने सांगण्यासारखे आहे. सुरुवातीचे बिडाचे हातपंप एका कुटुंबाच्या वापरासाठी बनलेले होते. दिवसभर शेकडो हात त्यावर पडू लागले की ते मोडत. जालना येथील ख्रिस्ती मिशनच्या जलविकास कार्यकर्त्यांनी आणि पुढे सोलापूरच्या कार्यशाळेने अधिक दणकट, एकाच आसावर फिरणाऱ्या दांड्याचा पोलादी पंप घडवला. 'जालना पंप' आणि 'सोलापूर पंप' यांच्या अनुभवावर युनिसेफच्या पुढाकाराने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस 'इंडिया मार्क दोन' तयार झाला. तो भारतभर आणि पुढे आफ्रिकेतही पोहोचला. महाराष्ट्रातल्या हजारो वस्त्यांवर शाळेजवळ, देवळाजवळ, दलित वस्तीत उभा राहिलेला हातपंप हाच.

हातपंपाने आणखी एक काम केले. पायऱ्यांच्या विहिरींत उतरून पाणी भरण्याच्या पद्धतीमुळे नारूचा रोग पसरत असे. रोग्याचा पाय पाण्यात बुडाला की नारूच्या अळ्या पाण्यात जात, तिथल्या सूक्ष्म जीवांच्या शरीरात वाढत आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पोटात पोहोचत. महाराष्ट्र हे नारूग्रस्त राज्यांपैकी एक होते. निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम ऐंशीच्या दशकात सुरू झाली. आरोग्य विभागाचे कर्मचारी, ग्रामपंचायती आणि पाणीपुरवठ्याच्या यंत्रणा यांनी मिळून पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त केल्या, हातपंप बसवले, पाणी गाळून पिण्याची सवय लावली. 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे जाहीर केले. या यशात वेधनपथकांचा घामही आहे.

1984 मध्ये भूजल मूल्यमापनाची देशव्यापी कार्यपद्धती ठरली. विहिरीतील पातळीचा चढउतार, खडकाची पाणी सोडण्याची क्षमता आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार हा तिचा गाभा. बेसाल्टची ही क्षमता साधारण 1 ते 3 टक्के असते. ती 2 टक्के धरली, तर एक हेक्टर क्षेत्रात पातळी एक मीटर उतरली म्हणजे अवघे 2 लाख लिटर पाणी निघाले. पाण्याची पातळी भराभर खाली जाते आणि एका चांगल्या पावसात भराभर वरही येते, ती या कारणाने. कठीण खडकाच्या प्रदेशात नोंदी वारंवार का घ्याव्या लागतात, याचे उत्तरही यातच आहे.

1991 ते 2000 : कायदा आणि काटेकोर मोजमाप

नव्वदचे दशक उजाडले तेव्हा राज्यात एक नवा पेच उभा होता. गावाची पाणीपुरवठ्याची विहीर शासन खोदत असे आणि तिच्या शेजारी एखादी खोल खासगी विहीर झाली की गावविहीर आटत असे. ऊस, द्राक्ष, केळी, संत्री या बागायतीने शेतकऱ्याच्या हाती पैसा आणला. त्याच बागायतीने भूजलावरचा ताणही वाढवला. अमरावती जिल्ह्यातील वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात आणि जळगाव जिल्ह्यातील रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात पातळी खोल गेल्याचे नोंदींनी दाखवून दिले.

या नोंदींना कायद्याचे पाठबळ मिळाले ते 1993 मध्ये. पिण्याच्या पाण्यासाठी भूजलाचे विनियमन करणारा महाराष्ट्राचा कायदा झाला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेण्यास मनाई आली. टंचाईच्या काळात जवळच्या विहिरींच्या उपशावर निर्बंध घालण्याचा अधिकार प्रशासनाला मिळाला. जिल्हाधिकाऱ्यांना तांत्रिक सल्ला देण्याची जबाबदारी यंत्रणेच्या भूवैज्ञानिकांकडे आली. गावात उभे राहून, दोन्ही बाजू ऐकून, कोणत्या विहिरीचा कोणत्या उद्भवावर परिणाम होतो हे शास्त्राच्या आधारे सांगणे हे अवघड काम होते. त्यांनी ते सचोटीने केले.

1995 मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने जलविज्ञान प्रकल्प सुरू झाला आणि मोजमापाचा चेहरा बदलला. वापरातल्या विहिरीचे माप पंपावर अवलंबून असते. म्हणून फक्त निरीक्षणासाठी, उपसा न करता राखलेल्या विंधण विहिरी, म्हणजे पीझोमीटर, बांधले गेले. त्यांतील निवडक ठिकाणी पातळी आपोआप टिपणारी स्वयंचलित उपकरणे बसली. वर्षातून चार नोंदींच्या जागी दिवसाला अनेक नोंदी मिळू लागल्या. कागदी नोंदवह्या संगणकात आल्या. रासायनिक प्रयोगशाळा सुधारल्या. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांतील फ्लोराइड आणि अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातील क्षार यांच्याकडे अधिक बारकाईने पाहणे शक्य झाले. पाणी आहे एवढे पुरेसे नाही, ते पिण्याजोगे आहे का, हा प्रश्न याच दशकात कामाच्या केंद्रस्थानी आला.

राज्यभर पसरलेल्या, अनेक विद्याशाखांच्या माणसांनी मिळून चालवलेल्या संस्थेत कामाच्या पद्धतीविषयी मतमतांतरे असणारच. भूवैज्ञानिक, भूभौतिकतज्ज्ञ, रसायनतज्ज्ञ, अभियंते आणि वेधनपथके यांनी त्यांतून एकत्र चालण्याची रीत घडवली. मापाची वेळ आली की सारे विहिरीवर हजर, ही शिस्त कधी मोडली नाही.

2001 ते 2010 : उद्भवांचे बळकटीकरण

विंधण विहिरी खूप झाल्या. त्यांतल्या अनेक उन्हाळ्यात कोरड्या पडू लागल्या. नवी विहीर घेण्याऐवजी आहे तिला पाणी टिकवण्याचा विचार प्रबळ झाला. 2002 मध्ये शासनाने शिवकालीन पाणी साठवण योजना सुरू केली. गडकोटांवरच्या टाक्यांनी आणि तळ्यांनी डोंगरमाथ्यावर वर्षभर पाणी पुरवले, ती परंपरा योजनेच्या नावात आली. छतावरच्या पाण्याची साठवण, विहीर पुनर्भरण, साखळी सिमेंट बंधारे, भूमिगत बंधारे अशी कामे तीत होती.

यंत्रणेच्या भूवैज्ञानिकांनी बेसाल्टच्या स्वभावाला साजेशी काही खास तंत्रे रुळवली. त्यांना 'अपारंपरिक उपाययोजना' म्हणतात. कमी पाण्याच्या विंधण विहिरीत उच्च दाबाने पाणी सोडून बुजलेल्या भेगा मोकळ्या करणे म्हणजे जलभंजन. गावाच्या पाणीपुरवठा विहिरीभोवती वर्तुळात विंधणछिद्रे घेऊन नियंत्रित स्फोटाने खडक सच्छिद्र करणे म्हणजे जॅकेट वेल. त्यामुळे विहिरीभोवती पाण्याचा जादा साठा तयार होतो. असेच स्फोट घेऊन खडकातल्या भेगा जोडणे म्हणजे बोअर ब्लास्टिंग. आणि जिथे भेगांतून पाणी खाली निसटून जाते तिथे सिमेंटने त्या बुजवणे म्हणजे फ्रॅक्चर सील सिमेंटेशन. डोंगरी आदिवासी पाड्यांवर, जिथे नळयोजना पोहोचणे अवघड, तिथे या उपायांनी उन्हाळ्याचे काही आठवडे तरी सुसह्य केले.

2003 मध्ये सुरू झालेल्या जलस्वराज्य प्रकल्पाने योजनेची सूत्रे ग्रामसभेकडे दिली. गावाच्या पाण्याचा जमाखर्च गावानेच मांडावा, हा विचार रुजला. त्याचे सर्वात परिचित उदाहरण तेव्हाच्या अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली या गावाने पाणलोटाची कामे केली, शेतीसाठी विंधण विहिरी घेण्यावर बंदी घातली आणि पाऊस व विहिरींच्या पातळ्या मोजून पिकांचे नियोजन केले. पाऊस कमी झाला की रब्बीचे क्षेत्र कमी करायचे, पिण्याचे पाणी आधी बाजूला ठेवायचे. या हिशेबासाठी लागणारे मोजमापाचे तंत्र आणि मार्गदर्शन गावाला भूजल यंत्रणेकडून मिळाले. आकडे फलकावर लागले की ते साऱ्या गावाचे होतात, हे या गावाने दाखवले.

राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या पुढाकाराने उपग्रह चित्रांवर आधारलेले 1:50,000 प्रमाणाचे भूजल संभाव्यता नकाशेही या काळात क्षेत्रीय कार्यालयांत पोहोचले. नकाशावर संभाव्य जागा पाहायची, प्रत्यक्ष शिवारात फिरायचे, मग उपकरण लावायचे, अशी त्रिस्तरीय पद्धत रूढ झाली.

2011 ते 2020 : टंचाईची कसोटी

2012-13 आणि पुन्हा 2014 ते 2016 या वर्षांनी मराठवाडा होरपळला. 1972 मध्ये धान्य नव्हते, या वेळी पाणी नव्हते, असे जाणकार बोलू लागले. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. 'जलदूत' नावाने ओळखल्या गेलेल्या त्या गाडीच्या पहिल्या खेपेत 10 वाघिणींतून सुमारे 5 लाख लिटर पाणी गेले.

अशा वर्षांत यंत्रणेचे जे काम लोकांना फारसे दिसत नाही, ते सर्वात मोलाचे ठरते. ऑक्टोबरमध्ये निरीक्षण विहिरींची मापे आली की त्यांची तुलना मागील पाच वर्षांच्या सरासरीशी होते. पावसाची तूट 20 टक्क्यांहून अधिक आणि पातळीतली घट 3 मीटरहून अधिक असेल, तर त्या भागात ऑक्टोबरपासूनच टंचाई संभवते. घट 2 ते 3 मीटर असेल तर जानेवारीपासून, 1 ते 2 मीटर असेल तर एप्रिलपासून. हा संभाव्य टंचाई अहवाल जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि त्यावर आराखडा बेतला जातो : कुठे गाळ काढायचा, कुठे विहीर खोल करायची, कुठे हातपंपांची विशेष दुरुस्ती, कुठे खासगी विहीर अधिग्रहित करायची आणि कुठे टँकर. दुष्काळाच्या राष्ट्रीय संहितेत 2016 पासून भूजल निर्देशांकाला स्थान मिळाले. 2018 मध्ये राज्याने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तेव्हा अशा निकषांचा आधार घेतला गेला. ज्या विहिरीची वर्षानुवर्षांची नोंद आहे, तीच विहीर या वेळी साक्ष देऊ शकते.

याच दशकात कायद्याचा दुसरा टप्पा आला. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, 2009 राष्ट्रपतींच्या संमतीनंतर 1 जून 2014 पासून अमलात आला. अधिसूचित क्षेत्रांत 60 मीटरहून खोल विहिरींवर निर्बंध, विहिरींची नोंदणी, पाणलोटनिहाय नियोजन आणि पाणी वापरावर आधारित पीक आराखडा या तरतुदी त्यात आहेत. राज्य भूजल प्राधिकरणाची जबाबदारी महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाकडे आली. तांत्रिक पाया यंत्रणेने पुरवला. राज्याच्या जलयुक्त शिवार या जलसंधारण अभियानात गावनिवडीपासून कामांनंतरच्या पातळीच्या पडताळणीपर्यंत याच नोंदी उपयोगी पडल्या.

25 डिसेंबर 2019 रोजी देशातील सात राज्यांसाठी 6,000 कोटी रुपयांची अटल भूजल योजना सुरू झाली. महाराष्ट्रात तिच्यासाठी 13 जिल्हे निवडले गेले. या योजनेत भूजलाची माहिती गावाला उघड करणे हीच निधी मिळण्याची पहिली अट होती. जवळपास पन्नास वर्षे कचेरीत जपलेला आकडा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागण्याची ही सुरुवात होती.

2021 नंतर : आजची यंत्रणा

2022 मध्ये यंत्रणेने पन्नाशी पूर्ण केली. पुण्यात शिवाजीनगरला भूजल भवनात तिचे मुख्यालय आहे. पाणीपुरवठा व स्वच्छता विभागाच्या अधिपत्याखाली विभागीय आणि जिल्हा कार्यालयांतून काम चालते. 2022 च्या मूल्यमापनानुसार राज्याचा भूजल उपसा उपलब्ध भूजलाच्या सुमारे 55 टक्के होता. ही सरासरी धीर देणारी असली, तरी कोकण आणि पूर्व विदर्भाच्या पाण्याने संत्रापट्ट्याची विहीर भरत नाही. अतिशोषित पाणलोटांतले गाव आणि सुरक्षित पाणलोटातले गाव यांची परिस्थिती वेगळी आहे, आणि तीच वेगळेपणाने मांडणे हे यंत्रणेचे काम आहे. एकूण उपशापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी शेतीला जाते. पिण्यासाठी लागते ते फार थोडे, पण त्याच विहिरींतून.

जलजीवन मिशनने ग्रामीण घरात माणशी रोज 55 लिटर पाणी नळाने देण्याचे उद्दिष्ट ठेवले. नळ बसवता येतो, टाकी बांधता येते. उद्भव टिकला नाही तर दोन्ही निकामी. म्हणून भूजलावर आधारित योजनेचा उद्भव कुठे घ्यावा आणि तो उन्हाळ्यात पुरेल का, याविषयी भूवैज्ञानिकांचा अभिप्राय कळीचा ठरतो. अटल भूजलच्या गावांत पर्जन्यमापक, स्वयंचलित नोंद घेणारे पीझोमीटर आणि जलसुरक्षा आराखडे तयार झाले. बचत गटांच्या बाया, तरुण आणि शिक्षक टेप हातात धरून पातळी मोजायला शिकले.

या वाटचालीत अनेकांचा वाटा आहे. उन्हातान्हात खुंट्या रोवणारे सर्वेक्षक, रात्र रात्र वेधनयंत्रावर उभे राहणारे चालक व मदतनीस, हजारो नमुने तपासणारे प्रयोगशाळेतले सहायक, आकडे कोरडे न मानता जपणारे लिपिक, आणि आपल्या शेतातली विहीर वर्षानुवर्षे मापासाठी खुली ठेवणारे शेतकरी. विशेषतः या शेतकऱ्यांना कोणताही मोबदला नव्हता. त्यांच्याशिवाय या नोंदींची अखंडता टिकली नसती.

आज राज्यात वीस लाखांच्या पुढे विहिरी आहेत आणि निरीक्षण विहिरी काही हजार. अनेक जुन्या निरीक्षण विहिरी बुजल्या, कोरड्या पडल्या किंवा रस्त्यांच्या रुंदीकरणात गेल्या. त्यांच्या जागी पर्यायी विहिरी घेताना जुन्या नोंदींशी नवी नोंद जुळवणे हे पुढच्या काळातले मोठे काम आहे. त्यासाठी गावांची साथ हवी. आपल्या शिवारात निरीक्षण विहीर असेल तर तिच्या काठावरची खूण पुसू देऊ नये, काठ उंच केला किंवा विहीर खोल केली तर जिल्हा कार्यालयाला कळवावे. नसेल, तर ग्रामपंचायतीने गावच्या पाणीपुरवठ्याची विहीर निवडावी, काठावर पक्की खूण करावी, एक टेप आणि एक वही घ्यावी आणि ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे या चार महिन्यांत माप लिहून ग्रामसभेत वाचून दाखवावे. मोजायचे कसे हे शिकवायला यंत्रणेचे भूवैज्ञानिक प्रत्येक जिल्ह्यात आहेत. त्यांना गावात जरूर बोलवावे.